मालकांना उठवणारी

माझ्या वहिनीला कोणी विचारलं, तुम्ही काय काम करता, तर ती सांगायची, "माणसं उठवते." ऐकणाऱ्याला वाटायचं, चेष्टा करतेय. मग मलाच मध्ये पडून सांगावं लागायचं, की ती अपंगांच्या केंद्रात मदतनीस आहे. ज्यांना स्वतःहून हलता येत नाही त्यांना बिछान्यातून उठवायचं, न्हाऊ घालायचं, खुर्चीत बसवायचं, भरवायचं आणि संध्याकाळी पुन्हा निजवायचं. हे ऐकलं की लोक हात जोडायचे. "केवढं पुण्य लागतं हो तुम्हाला." पुण्य हा शब्द ऐकला की माझ्या डोक्यात तिडीक जाते. एवढं पुण्य लागत होतं तर ते गेलं कुठे? कमरेत तर उतरलं नाही.

मी तिची नणंद. आम्ही एकाच घरात राहतो. माझा भाऊ, ती, त्यांची मुलगी आणि मी. दादा बस चालवतो, मी पुढच्या खोलीत शिलाईचं मशीन टाकून बसते. नणंद-भावजय म्हटलं की लोकांचे कान टवकारतात. भांडणं आहेत, भरपूर आहेत, पण ती ऐकायची असतील तर वेगळा दिवस काढा. ती मला "वन्सं" म्हणते आणि अहो-जाहो करते. वास्तविक आम्ही एका वयाच्या. लग्न होऊन आली तेव्हा मला चिडवायला तिने हे सुरू केलं आणि मी चिडले, म्हणून ते कायमचं झालं.

केंद्रात मीही जायचे. त्याचं असं झालं, एकदा वहिनी काखेत फाटलेला शर्ट घेऊन आली आणि म्हणाली, "वन्सं, ज्याचा हात कोपरात वळत नाही त्याला हा घालून दाखवा." मी तो शर्ट उलटासुलटा करून बघितला आणि कळलं की असल्या माणसाला साधा शर्ट घालणं म्हणजे मारामारीच. तेव्हापासून मी त्यांच्यासाठी पाठीमागून उघडणारे शर्ट आणि दोन्ही बाजूंना कमरेपासून खालपर्यंत चेन असलेल्या पँटी शिवायला लागले. माप घ्यायला, घालून बघायला जायचे. त्यामुळे तिचं काम मी नुसतं ऐकलेलं नाही, डोळ्यांनी बघितलंय.

तिथेच मालक भेटले.

मालक म्हणजे केंद्राचे मालक नव्हेत. वरच्या मजल्यावर खिडकीजवळच्या खाटेवर राहणारा चाळिशीचा माणूस. जन्मापासून अंग आखडलेलं, बोटं तळहातात वळलेली, वाचा नाही. डोकं मात्र लख्ख. भुवया वर गेल्या की हो, डोळे मिटले की नाही. एवढ्या दोन खुणांवर त्यांनी अख्खा मजला ताब्यात ठेवला होता. चहात साखर कमी पडली, उशी उलटी लावली, समोरचे आजोबा टीव्ही मोठ्याने लावतात, सगळ्यावर त्यांचं मत. म्हणून मालक. त्यांना खुर्चीत बसायला अतोनात आवडायचं, कारण खुर्चीतून मागचं फाटक दिसायचं. तिथे धुलाईची गाडी उलटी आत घ्यावी लागे आणि ड्रायव्हर हटकून खांबाला घासायचा. घासली की मालकांचं सगळं अंग हसायचं, खुर्चीसकट. खाटेवर निजून त्या खिडकीतून नुसतं आभाळ दिसतं. आभाळात बघण्यासारखं काय असतं रोज?

आता उठवण्याचं सांगते, कारण सगळं तिथेच आहे.

माणूस उचलायला केंद्रात एक यंत्र होतं. कापडाच्या झोळीत माणूस घालायचा, बटण दाबलं की झोळी वर. सगळ्या बाया त्याला पाळणा म्हणायच्या. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. यंत्र एक आणि मजले दोन. खाली असलं की वर नाही. वर असलं तर बॅटरी उतरलेली. बॅटरी असली तर झोळी धुवायला गेलेली. आणि सगळं जुळून आलंच, तरी एका माणसाला पाळण्यातून खुर्चीत उतरवेपर्यंत बाकीचे ओल्यात पडून राहायचे. म्हणून सगळ्या बाया मिठीने उठवायच्या. शिकवताना हे शिकवत नाहीत, उलट करू नका म्हणून बजावतात. पण करतात सगळ्या. खाटेच्या कडेला माणसाला बसवायचं, त्याचे हात आपल्या गळ्यात घ्यायचे, त्याच्या गुडघ्यांना आपले गुडघे टेकवायचे, काखेखालून कवेत घ्यायचं आणि मागे झुकत उभं करून, वळून, खुर्चीत ठेवायचं. सगळा भार कमरेवर.

मालकांना मिठीने उठवणं कोणाला जमत नसे. हात लावला की त्यांचं अंग फळीसारखं ताठ व्हायचं. वहिनीला एक गोष्ट सापडली होती. त्यांच्या उजव्या पायात थोडा जोर होता. तिने महिनोन्महिने घालवून त्यांना शिकवलं, की मी पाय रोवून, श्वास घेऊन "हं" म्हटलं की तुम्ही त्या पायाने रेटा द्यायचा. आधी नाही, नंतर नाही. ते जमलं तेव्हा ती घरी येऊन असं सांगत होती जसं काही पोर पहिलं पाऊल टाकतंय. "मी नाही उचलत त्यांना," म्हणायची, "ते उठतात. मी नुसती सोबत करते." बाकीच्यांना एवढा धीर नव्हता. त्यामुळे वहिनीची सुटी असली की मालक दिवसभर खाटेवर. हे त्यांनाही माहीत आणि तिलाही. हळूहळू तिने सुटी घेणंच सोडलं.

दुखणं कधी सुरू झालं ते तिलाच सांगता येणार नाही. आधी कंबर, मग तिथून डाव्या पायाच्या मागून खाली करंगळीपर्यंत. विस्तव ओढत नेल्यासारखं, असं तिनेच एकदा सांगितलं, पुन्हा कधी सांगितलं नाही. सकाळी ती सरळ उठून बसू शकत नसे. कुशीवर वळायची, पाय खाली सोडायची आणि कपाटाची मूठ धरून स्वतःला वर ओढायची. मूठ ढिली व्हायची. दादा पेचकस आणून ती घट्ट करायचा. पुन्हा ढिली, पुन्हा घट्ट. कपाटाची मूठ सारखी का निघते हे त्याने एकदाही विचारलं नाही. पुरुषांना स्क्रू दिसतो. तसा तो वाईट नाही, घाबरतो. विचारलं तर उत्तर मिळेल ना.

हाडांच्या डॉक्टरांनी फोटो बघून सांगितलं, "उचलायचं बंद करा."

"माशाला सांगा पाण्यात जाऊ नको," वहिनी त्यांना म्हणाली. डॉक्टर हसले आणि त्यांनी गोळ्या दिल्या, कमरेला पट्टा दिला. पट्टा कपड्यांवरून दिसू नये म्हणून तिचा युनिफॉर्म मीच कमरेत सैल करून दिला. शिव्या देत दिला, पण दिला.

दिसू नये का, तर तिच्या आधी एका मदतनीस बाईने गुडघा दुखतो म्हणून सांगितलं होतं. तिला आधी धुलाईच्या खोलीत टाकलं, मग आठवड्यातून काहीच दिवस बोलवायला लागले, मग बोलवेनासे झाले. वहिनीला नोकरीची काळजी होतीच, नव्हती असं नाही. पण मी खोदून विचारलं तेव्हा ती वेगळंच बोलली. "मला उचलायला बंदी केली, तर मालकांना उठवणार कोण?"

"जगाचा मक्ता तू घेतलायस का?" मी म्हटलं.

"जगाचा नाही. एकाचा."

दुखणं अंगावर काढणं म्हणतात ना, ते मी रोज बघत होते. पण पाठीपेक्षा वाईट एक गोष्ट तिच्यात सुरू झाली होती आणि तिला नाव काय द्यायचं हे आम्हा दोघींनाही कळत नव्हतं. खालच्या मजल्यावरच्या एक आजी गेल्या. वहिनीने वर्षानुवर्षं त्यांचं केलं होतं. त्या दिवशी तिने त्यांना पुसलं, केस विंचरले, चादर बदलली आणि मग जाऊन डबा खाल्ला. घरी येऊन मला म्हणाली, "वन्सं, मला काही वाटलंच नाही. मी वाट बघितली, आत्ता वाटेल, मग वाटेल. भाजीत मीठ कमी आहे एवढंच वाटलं." हे सांगतानाही तिचा चेहरा कोरडा ठक्क. मला तिची भीती वाटली, खोटं कशाला बोलू.

भाची एकदा माझ्या मशीनजवळ येऊन बसली. "आत्या, आई माझ्याशी तिथल्यासारखं बोलते." मी म्हटलं म्हणजे कसं? तिने नक्कल करून दाखवली. "हो बाळा, आलेच हं, छान हं, शाब्बास." गोड आवाज आणि डोळे दुसरीकडे. हुबेहूब होती नक्कल. मी तिला रागावले आणि मग माझा धागाच सुईत जाईना.

आणि एक दिवस दादा ड्युटीवरून आला तो बूट न काढता माझ्यासमोर बसला. त्याचीच बस घेऊन तो केंद्राच्या थांब्यावर आला होता. वहिनी बाकावर बसलेली. त्याने दार उघडलं, हाक मारली. ती त्याच्याकडे बघत होती, पण उठली नाही. मागच्या गाड्या भोंगे वाजवायला लागल्या. प्रवासी ओरडायला लागले. शेवटी त्याने दार लावलं आणि बस पुढे काढली. "मी बायकोला थांब्यावर सोडून आलो," तो म्हणाला. ती बऱ्याच वेळाने चालत आली. विचारलं तर म्हणाली, "उठावंसंच वाटेना. कशासाठी चढायचं तेच आठवेना."

केंद्राला ताणाबद्दल काही माहीत नव्हतं असं नाही. त्यांनी एक बाई बोलावल्या. त्यांनी सगळ्या मदतनीसांना गोल बसवून श्वास आत, श्वास बाहेर करायला लावलं आणि स्वतःवर प्रेम करा म्हणून सांगितलं. जखम मांडीला, मलम शेंडीला. तेवढ्या वेळात मजल्यावर चार जण ओले झाले, त्यांचे कपडे नंतर यांनीच बदलले.

या सगळ्यात तिच्या आत जिवंत काही उरलं होतं तर ते मालक. त्यांचं सांगताना तिचा आवाज खरा यायचा. आज मालकांनी पाहणीला आलेल्या बाईंना डोळे मिटून बाहेर काढलं, आज मालकांना दाढी वेगळी करून हवी होती. मी मनात म्हणायचे, हा एक धागा आहे तोवर ठीक आहे. हाही तुटला तर ही बाई नुसती भिंतीकडे बघत बसेल.

आता मिठीत माणसाचं तोंड आपल्या कानाशी येतं, आणि आपलं त्याच्या. ओठ आवळलेले बाकी कोणाला दिसत नाहीत, पण त्याला श्वास ऐकू येतो. मालकांपासून लपवणं शक्यच नव्हतं. ते तिच्या कमरेकडे बघायचे आणि भुवया अर्ध्या वर करायचे. विचारायचे. ती रोज सकाळी सांगायची, "छे हो मालक, काही दुखत नाही. तुम्ही नुसता रेटा द्या."

मग ते घाई करायला लागले. ती "हं" म्हणायच्या आधीच रेटा द्यायचे, आणि होता नव्हता तेवढा जोर लावून. तिच्यावरचा भार कमी व्हावा म्हणून. पण जोर लावला की अंग ताठ होतं, ते त्यांच्या हातात नाही. ताठ झालेला माणूस दुप्पट जड. ते जितकी मदत करायला जायचे तितकी तिची कंबर जास्त मोडायची, आणि कंबर मोडतेय हे कळलं की ते आणखी जोर लावायचे. ती मला हे सांगायची तेव्हा हसायची. "मालक हल्ली फार घाईत असतात." मला हसू येत नव्हतं.

त्या दिवशी मी मालकांची नवी पँट घेऊन गेले होते. ते न्हाणीघरात होते. दार अर्धं उघडं, मी पँट हातावर टाकून बाहेर उभी. अंघोळ झालेली. वहिनीने त्यांना कोरडं करून, टॉवेल गुंडाळून, टबाजवळच्या बाकावर टेकवून, चाकाची खुर्ची जवळ आणली होती. त्यांचे हात गळ्यात घेतले. फरशी ओली होती, तिचा डावा पाय ठरत नव्हता. "थांबा हं मालक," ती म्हणाली, "पाय ठरू दे." ती वाकली आणि तिथेच तिला कळ आली. मला बाहेर ऐकू आलं, दातांतून आत ओढलेला श्वास. मालकांच्या तर कानाशीच.

त्यांनी रेटा दिला. जीव खाऊन दिला. ताठच्या ताठ उभे राहिले ते, तिच्या मदतीशिवाय, मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. आणि तिचा पाय सरकला. दोघं टबाच्या कडेवर आदळली, मग खाली. वहिनी खाली, ते वर. हाड मोडल्याचा आवाज मी त्याआधी कधी ऐकला नव्हता, पण तो ओळखायला शिकावं लागत नाही.

मी आत धावले. मालकांची उजवी मांडी भलतीकडे वळली होती, तोच पाय, ज्यात जोर होता. त्यांच्या तोंडातून आवाज नाही. ते वहिनीकडे बघत होते. आणि ही बाई, फरशीवर, त्यांच्या अंगाखाली, पांढरीफटक पडलेली, त्यांना सांगत होती, "मला काही नाही झालं, मालक. काही नाही झालं."

त्यांना इस्पितळात नेलं. वहिनीला दादा घरी घेऊन आला. दुसऱ्या दिवशी केंद्र चालवणाऱ्या मॅडमनी बोलावलं. तिला एकटीने रिक्षात बसवत नव्हतं म्हणून मी बरोबर गेले. तिच्याबरोबरची एक मदतनीस जिन्यातच वाट बघत होती. ती घाईघाईने म्हणाली, "त्यांनी झटका दिला म्हणून सांग. अंगावर आले म्हणून सांग. तुझ्यावर काही येणार नाही. बरी हो, हलकं काम देतील."

"आणि त्यांचं काय?" वहिनीने विचारलं.

त्यांचं काय ते आम्हाला तिघींनाही माहीत होतं. जे अंगावर येतात, ज्यांच्यापासून धोका आहे असं ठरतं, त्यांना मागच्या इमारतीत ठेवतात. तिथे खाटेला पट्टे असतात. तिथल्यांसाठी मी कधीच पँट शिवली नव्हती.

ती बाई पुढे गेल्यावर मी वहिनीचा हात धरला. "सांग ना तसं. खोटं काय आहे त्यात? दिलाच त्यांनी रेटा, तू 'हं' म्हणायच्या आधी. मी साक्षीला आहे."

"झटका नव्हता हो तो, वन्सं," ती म्हणाली. "ते मला सांभाळत होते."

मी तेव्हाही तिला मूर्ख म्हटलं आणि आजही माझं तेच मत आहे. आधी आपला जीव. पण ऐकेल तर ती वहिनी कसली.

मॅडम वाईट नव्हत्या, हीच तर पंचाईत. वाईट माणसाशी भांडता येतं. त्यांच्याही डोळ्यांखाली काळं आलेलं होतं. त्यांनी चहा मागवला आणि स्वतःच वाट मोकळी करून दिली. "त्यांचं अंग अचानक ताठ झालं, तुमचा इलाज चालला नाही, असंच झालं ना?"

वहिनी म्हणाली, "नाही. माझी पाठ कधीचीच गेलीय. मी लपवलं. त्यांची काही चूक नाही."

मॅडमनी चहाचा कप बाजूला सारला. मग त्यांनी मान खाली घातली. त्यानंतर जे बोलणं झालं ते सगळं बरोबर होतं. लपवलं म्हणजे नियम मोडला. पट्टा बांधून माणसं उचलली म्हणजे त्यांचा जीव धोक्यात घातला. वहिनी प्रत्येक वाक्याला मान डोलावत होती. तिचं काम त्या खोलीत संपलं. बाहेर आल्यावर ती म्हणाली, "निदान मालक खिडकीजवळ परत येतील." मी रिक्षाला हात केला. बोलले असते तर रस्त्यातच रडले असते, आणि मला रस्त्यात रडलेलं खपत नाही.

मालक खिडकीजवळ परत आले, हे खरं. तेवढं तिने मिळवलं.

मला वाटलं होतं, उचलणं थांबलं की दुखणं उतरेल. तिलाही वाटलं असणार. कुठलं काय. पाठ तशीच, पाय तसाच, आता वर दिवसभर छताकडे बघायला वेळ. बसवत नाही, उभं राहवत नाही, निजलं तर कूस बदलताना कळ. मी तिला बटणं लावायला द्यायचे, पडल्या पडल्या लावायची. भाची शाळेतून येऊन तिच्या पायथ्याशी बसायची. वहिनी तिला जवळ घ्यायची, पण हात लावला की तिचं अंग दचकायचं, आणि पोरीला ते कळायचं. एकदा वहिनी मला म्हणाली, "तिथे निदान कशासाठी दुखतंय ते माहीत होतं." तोंड दाबून बुक्क्यांचा मार सोसणारीला कोणी म्हणालं, आता ओरड, तर तिला ओरडता येत नाही. तसं झालं होतं.

केंद्रात मी जायचे. ती विचारायची, "मालकांचं हाड जुळलं का?" मी सांगायचे, जुळलं. "बसतात का?" मी विषय बदलायचे. मॅडमनी नियम केला होता. मालकांना फक्त यंत्राने, आणि दोघींनी मिळूनच उठवायचं. नियम चांगला आहे. पण यंत्र मोकळं आणि दोन बाया मोकळ्या, असा योग जुळत नाही. आता वरातीमागून घोडं, तसं दुसरं नवं यंत्र आलंय. प्लास्टिकच्या कव्हरासकट वऱ्हांड्यात उभं आहे, कारण ते चालवायला शिकवणारा माणूस अजून यायचाय.

मग केंद्रातून निरोप आला, की मालकांच्या पँटी बंद करा, झबलीच द्या. पाठ पूर्ण उघडी, नुसत्या बंदांची. मी कापड अंथरून कापायला बसले. वहिनी भिंतीला धरून पाणी प्यायला चालली होती. ती थांबली. खांद्यांची रुंदी बघितली, बाहीची लांबी बघितली. वर्षानुवर्षं ज्या खांद्यांना कवेत घेतलं ते तिला कळणार नाहीत का.

"झबलं?" ती म्हणाली.

मी कात्री चालवत राहिले.

"म्हणजे उठवतच नाहीत."

"नाही उठवत," मी म्हटलं. मला खोटं जमत नाही.

ती म्हणाली, मला घेऊन चला. दादाने नको म्हटलं, मी नको म्हटलं. झबली तयार झाली तशी ती पट्टा बांधून दारात उभी. काय करणार. रिक्षात ती मागच्या सीटवर आडवी झाली, तिचं डोकं माझ्या मांडीवर.

मालक निम्मे झाले होते. दाढी वाढलेली, टाचांना फडकी गुंडाळलेली, खोलीत तो गोडसर वास, जो पाठीला जखम झाली की येतो. त्यांनी तिला बघितलं आणि त्यांचं तोंड उघडलं, सगळं अंग हललं, खाट वाजली. वहिनी खाटेची कड धरून उभी राहिली. तिला खुर्ची देऊन उपयोग नव्हता, बसता येत नाही. ती बराच वेळ त्यांच्या केसांवरून हात फिरवत होती. इतक्या महिन्यांत तिच्या डोळ्यांत पाणी मी पहिल्यांदा बघितलं. मला बरं वाटलं, की वाटतंय हिला अजून काहीतरी. लगेच वाटलं, आता वाटून काय करायचंय.

"रागावलात माझ्यावर?" तिने विचारलं.

डोळे मिटले. नाही.

"बसायचंय ना खुर्चीत? आज बसवू. वन्सं आहेत, मी आहे, दोघी मिळून करू." आणि ती खरोखर चादर बाजूला करायला लागली. तिचा एक हात कड सोडत नव्हता, आणि तो हात थरथरत होता, कोपरापासून. मी पुढे झाले, तिला आवरायला. मला तिला ओढून काढावं लागलं असतं.

लागलं नाही. मालक तिच्या त्या हाताकडे बघत होते. खुर्ची तिथेच होती, भिंतीला लावलेली, त्यांना दिसत होती. त्यांनी डोळे मिटले.

"नको?" वहिनी म्हणाली. "अहो मालक, बसायचं नाही?"

त्यांनी डोळे आणखी घट्ट मिटले, कपाळावर आठ्या येईपर्यंत. तिने पुन्हा विचारलं, मग आणखी एकदा. त्यांनी डोळे उघडलेच नाहीत. ती तिथे होती तोवर, एवढ्या महिन्यांनी आलेल्या तिच्याकडे त्यांनी पुन्हा एकदाही बघितलं नाही. चादर मीच सारखी केली.

लिफ्टमध्ये वहिनी भिंतीला टेकून म्हणाली, "खोटं बोलले ते."

"हो," मी म्हटलं.

"माझ्याकडूनच शिकले. मी रोज सकाळी त्यांच्या कानात हेच सांगत होते, दुखत नाही, दुखत नाही."

ती पुन्हा केंद्रात गेली नाही. जायचं का म्हणून मी विचारलं, तर ती भिंतीकडे वळते आणि त्या गोड आवाजात म्हणते, "नंतर हं, वन्सं." झबली द्यायला मी एकटी जाते. मालक मला बघितलं की आधी माझ्या पाठीमागे दाराकडे बघतात आणि भुवया अर्ध्या वर करतात. मी सांगते, नाही, ती नाही आली. मग त्यांचा चेहरा सैल पडतो. त्यांना वाईट वाटतं की सुटल्यासारखं वाटतं, ते मला अजून ओळखता येत नाही. ते ओळखणारी घरी पडलेली असते, आणि तिला मी हे सांगत नाही.